रस्ता वर येतो, घर खाली जातं

पुण्याच्या पेठांमधल्या किंवा गिरगाव-दादरकडच्या जुन्या गल्ल्यांतून जाताना घरांच्या पायऱ्या बघाव्यात. जिथे पूर्वी तीन पायऱ्या चढून जावं लागायचं तिथे एकच उरलेली दिसते. कुठे तीही नाही, उंबरठा थेट डांबराला टेकलेला. काही घरांत तर रस्त्यावरून खाली उतरून आत शिरावं लागतं. घर खचलं, असं शेजारीपाजारी म्हणतात. बहुतेक वेळा घर जागच्या जागी असतं. चढलेला असतो तो रस्ता.

हिशेब अवघड नाही. गल्लीत डांबराचा नवा थर टाकतात तो दाबून झाल्यावर २५ ते ४० मिलिमीटर भरतो. चार-पाच वर्षांनी एक थर, मध्येच निवडणूक आली की एखादा वरकड, असं धरलं तर तीस-पस्तीस वर्षांत आठ थर सहज होतात. ४० मिलिमीटरचे आठ थर म्हणजे ३२ सेंटिमीटर, फुटापेक्षा थोडं जास्तच. पायरीची उंची पंधरा-सोळा सेंटिमीटर असते. दोन पायऱ्या कुठे गेल्या ते कळायला इतिहास धुंडाळावा लागत नाही.

नवा थर टाकण्याआधी जुना खरवडून काढायचा, म्हणजे पातळी जिथल्या तिथे राहते, हे या धंद्यातल्या सगळ्यांना ठाऊक असतं. पण खरवडणारं मोठं यंत्र अरुंद गल्लीत वळत नाही, चेंबरची झाकणं त्याला आडवी येतात, आणि मुख्य म्हणजे खरवडणं हे अंदाजपत्रकात वेगळं कलम असतं. ते कलमच घातलेलं नसेल तर साइटवरच्या मुकादमाशी हुज्जत घालून हाती काही लागत नाही. भांडायचं ते अंदाजपत्रक तयार होतं तेव्हा, वॉर्ड ऑफिसात. त्या वेळी गल्लीतल्या कुणाला कामाचा पत्ताच नसतो. त्यातून मुंबई-पुण्यात २०२२ च्या मार्चमध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढची काही वर्षं प्रशासकांनीच कारभार पाहिला. विचारायला जायचं तरी कुणाकडे, हा प्रश्न तेव्हा खराच होता.

रस्ता चढला की पहिला फटका पाण्याचा. सोसायटीचं आवार रस्त्यापेक्षा वर होतं तोवर पावसाचं पाणी उताराने बाहेर जायचं. आता तेच गेटमधून आत येतं. लोकांना काळजी गाड्यांची असते, पण खरी धोक्याची जागा म्हणजे जमिनीखालची पाण्याची टाकी. तिचं झाकण फरशीबरोबर सपाट बसवलेलं असेल तर आवारात बोटभर पाणी साचलं तरी ते फटीतून टाकीत उतरतं, आणि दुसऱ्या दिवशी पंपाने वर चढून सगळ्यांच्या नळाला येतं. उपाय स्वस्तातला आहे. झाकणाभोवती निदान ३० सेंटिमीटर उंचीचा काँक्रीटचा कठडा बांधायचा, झाकणाची कडा कठड्याच्या बाहेरून खाली उतरेल असं झाकण करायचं, आणि टाकीच्या ओव्हरफ्लोचं तोंडही आवाराच्या पातळीच्या वर घेऊन त्याला जाळी बसवायची. कितीतरी सोसायट्या कठडा हौसेने बांधतात, टाइल्ससुद्धा लावतात आणि ओव्हरफ्लो विसरतात. पाणी मग तिथून उलटं येतं.

दुसरा उपाय म्हणजे गेटपाशी रॅम्प. तो सगळेच करतात आणि त्यात निम्मा अपाय असतो. रॅम्पचा उतार आवाराच्या आत घेतला तर कुणाचं काही बिघडत नाही. पण आत पार्किंगची जागा जाते म्हणून तो बाहेर, रस्त्याच्या कडेवर ओततात. पाणी वाहायची वाट नेमकी त्या कडेलाच असते. एका सोसायटीचा रॅम्प म्हणजे चढावरच्या शेजाऱ्यांच्या दारात तळं. मग ते आपला रॅम्प आणखी उंच करतात. रॅम्पखालून बारीक पाइप घालणारे आहेत, पण तो पालापाचोळ्याने आणि दुधाच्या पिशव्यांनी पहिल्याच पावसात तुंबतो. त्यापेक्षा उघडी नाली आणि तिच्यावर लोखंडी जाळी बरी. जाळी मात्र उचलता यायला हवी. काँक्रीटमध्ये पक्की गाडलेली जाळी साफ कशी करायची, हे ती बसवणाऱ्याला कुणी विचारत नाही.

दसरा-दिवाळीच्या सुमारास गल्लीत चुन्याच्या रेघा दिसू लागतात. पावसाळ्यात खोदाईला बंदी, म्हणून ऑक्टोबर ते एप्रिल-मे हा खोदाईचा मोसम. पाणी, ड्रेनेज, वीज, गॅस, इंटरनेट: प्रत्येकाचं काम वेगळं, परवाना वेगळा, ठेकेदार वेगळा. मार्चअखेर बिलं निघायला हवीत म्हणून फेब्रुवारीत एकच घाई उडते, आणि त्या घाईत जे होतं ते जूनमध्ये वर येतं.

काम कसं होणार हे पहिल्या दहा मिनिटांत समजतं. डांबर कटरने दोन सरळ रेघांत कापून मग उचललं तर चराच्या कडा शाबूत राहतात. थेट ब्रेकर लावला तर कडा वेड्यावाकड्या तुटतात आणि बाजूचं हातभर डांबर खालून सुटतं. वरून ते धड दिसतं, पण त्याच्याखाली आता काही नसतं. चर बुजवल्यावर वर्षभरात जो खड्डा पडतो तो बरेचदा चरात नाही, त्याच्या लगतच्या या पट्ट्यात पडतो. म्हणून शेवटचा डांबराचा थर चराच्या रुंदीएवढाच न टाकता दोन्ही बाजूंनी पंधरा-वीस सेंटिमीटर जादा कापून टाकायचा असतो. सांधा मग न हललेल्या जमिनीवर येतो.

जमिनीखाली कुणी कुठे राहायचं याचाही क्रम आहे. घरांना जाणारी विजेची केबल साधारण पाऊण मीटरवर. तिच्याभोवती वाळू, वर विटा किंवा फरश्या आणि त्यावर सावधानतेची प्लॅस्टिकची पट्टी, म्हणजे कुदळ केबलला लागण्याआधी माणूस थांबतो. गॅसची पिवळी किंवा नारिंगी नळी मीटरभर खाली, तिच्याही वर पट्टी. पाण्याची लाइन त्याच आसपास, आणि ड्रेनेज सगळ्यात खाली, कारण पाणी दाबाने पुढे जातं, सांडपाण्याला फक्त उतार असतो. हा झाला पुस्तकातला क्रम. गल्लीत जो शेवटी येतो तो मोकळी दिसेल ती खोली घेतो. इंटरनेटवाले हल्ली अख्खा चर खोदत नाहीत; दोन टोकांना खड्डे घेऊन मधून यंत्राने आडवं भोक पाडतात. रस्ता वाचतो, लोक खूश. पण ती नळी ड्रेनेजच्या पाइपातून आरपार गेली असेल तर कळायला महिने जातात. तिला चिंध्या, केस, सॅनिटरी पॅड अडकत जातात आणि एक दिवस तळमजल्याच्या संडासात पाणी उलटं येतं. दर पंधरा दिवसांनी ड्रेनेज साफ करूनही त्याच दोन चेंबरच्या मध्ये तुंबत असेल, तर आधी हाच संशय घ्यावा आणि कॅमेरा आत सोडून बघण्याचा आग्रह धरावा. बांबू घालून घालून फक्त पाइप फुटतो.

आता चर बुजवण्याबद्दल, कारण अर्धे खड्डे इथेच जन्माला येतात. खोदलेली माती सुटी झाली की फुगते. तीच परत लोटली तर चराच्या वर उंचवटा होतो, आणि मुकादम काकूंना सांगतो, "काकू, बसेल ती आपोआप." बसतेच. मापात ओतलेले तांदूळ माप हलवलं की खाली जातात तशी ती गाड्यांच्या धक्क्यांनी आणि पावसाच्या पाण्याने खाली जाते, फक्त रस्ता झाल्यानंतर. मीटरभर खोल चरातली भर शेकडा पाच टक्के जरी बसली तरी वर पाच सेंटिमीटरची खाच पडते. स्कूटरचं पुढचं चाक वाकडं व्हायला तेवढी पुरे.

बरोबर पद्धत कंटाळवाणी आहे. पाइपभोवती वाळू किंवा कच, त्यावर मुरूम, एका वेळी पंधरा ते वीस सेंटिमीटरच. त्यावर पाणी शिंपडायचं आणि धुम्मसाने किंवा पेट्रोलवर चालणाऱ्या कॉम्पॅक्टरने ठोकायचं, मग पुढचा थर. मीटरभर चराला असे पाच-सहा थर लागतात. एका दमात भरून वरून रोलर फिरवला तर दाब वरच्या थरातच जिरतो, खालचा भुसभुशीत तसाच राहतो. पुण्याच्या काही भागांत काळी माती लागते. ती चरात परत घालूच नये. भिजली की फुगते, सुकली की भेगाळते. बघायचं असेल तर कामगारांच्या हातात काय आहे ते बघावं. साइटवर कॉम्पॅक्टर नाही, धुम्मस नाही, पाण्याचं पिंप नाही, फक्त जेसीबी आहे, तर काय होणार ते तेव्हाच लिहून ठेवता येतं.

याच मोसमात नळाला गढूळ पाणी येण्याच्या तक्रारी वाढतात. त्यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी पाणी ठरावीक वेळ येतं. पाणी सुटलेलं असतं तेव्हा पाइपात दाब असतो. फट असली तरी पाणी बाहेर गळतं, आत काही येत नाही. पाणी बंद झालं की पाइप रिकामा होतो आणि त्याच फटीतून भोवतालचं पाणी आत ओढलं जातं. भोवती चर असेल आणि चरात फुटक्या ड्रेनेजचं पाणी साचलेलं असेल, तर दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या दहा मिनिटांत तेच नळाला येतं. खोदाई चालू असेपर्यंत पहिलं पाणी टाकीत न सोडता बादलीत काढून बघावं, वासही घ्यावा. शंका असेल तर क्लोरीन तपासायचं साधं किट मिळतं: नमुन्यात थेंब टाकले की पाणी पिवळसर होतं आणि रंगपट्टीशी ताडता येतं. लिटरला ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेलं असायला हवं. रोज पिवळं होणारं पाणी एके दिवशी रंगच धरत नसेल तर वाटेत काहीतरी मिसळतंय. नुसतं 'गढूळ येतंय' असं कळवण्यापेक्षा 'अमुक वाजता घेतलेल्या नमुन्यात क्लोरीन नाही' असं लिहिलं की पाणीखात्याचा माणूस लवकर येतो, असा अनुभव आहे.

मग एक दिवस कळतं की गल्ली काँक्रीटची होणार. पेढे वाटण्याइतका आनंद काहींना होतो. त्या आनंदात हवी ती एकच गोष्ट राहून जाते: पातळी. डांबराची चूक पुढच्या थरात झाकता तरी येते. काँक्रीटची पातळी चुकली की ती पुढची वीस-तीस वर्षं तशीच. खालचा जुना रस्ता न उकरता वरच काँक्रीट ओतलं तर गल्ली एका फटक्यात वीतभर वर येते. म्हणून काम सुरू व्हायच्या आधी प्रत्येक गेटच्या खांबावर आणि जुन्या घरांच्या जोत्यावर रंगाची खूण करून घ्यावी आणि तयार रस्ता त्या खुणेच्या किती खाली येणार ते इंजिनिअरकडून लिहून घ्यावं. मोजायला मोठं यंत्र लागत नाही. गवंड्याकडे पारदर्शक नळी असते. ती पाण्याने भरायची, मधे हवेचा बुडबुडा राहू द्यायचा नाही, एक टोक खुणेशी धरायचं आणि दुसरं गल्लीच्या तोंडाशी न्यायचं. दोन्हीकडचं पाणी एका पातळीत स्थिरावतं. पंधरा-वीस मीटरची नळी असली की अख्ख्या गल्लीचा उतार तासाभरात कळतो. रस्त्याच्या मध्यापासून कडेपर्यंत शंभराला दोन एवढा ढाळ हवा. सहा मीटर रुंद गल्लीत मध्य कडेपेक्षा सहा सेंटिमीटर उंच. आणि कडेच्या पावसाळी गटाराच्या जाळ्या त्या कडेपेक्षाही थोड्या खाली. जाळी बोटभर वर राहिली की गटार बाजूला कोरडं आणि रस्त्यावर तळं, हे दृश्य दर पावसाळ्यात कुठे ना कुठे असतंच.

काँक्रीट ओतण्याच्या दिवशी गल्लीतले सगळे गॅलरीत उभे राहून बघतात, पण बघायची जागा दुसरी आहे. मिक्सरच्या ट्रकमागे उभं राहावं. माल घट्ट उतरतोय, पसरायला जड जातंय म्हटल्यावर कामगार ओरडतात, "पाणी मार रे!" आणि ड्रायव्हर नळी उघडतो. माल पातळ होतो, काम भराभर उरकतं, आणि ताकद तिथेच जाते. वर तरंगलेल्या पातळ सिमेंटची पुढे भुकटी होते. रस्ता झाल्यावर काही महिन्यांत घरात पांढरी धूळ येऊ लागते ती हीच. घट्ट मालाला उपाय पाणी नव्हे, प्लांटमध्येच घातलेलं रसायन आणि वेळ. गाडी दीड-दोन तासांहून जास्त वाहतुकीत अडकली असेल तर ती परत पाठवायची हिंमत असणारा इंजिनिअर भेटला तर गल्लीचं नशीब.

त्याच रात्रीची गोष्ट लोकांना फार त्रासाची वाटते. काँक्रीट सुकताना आकसतं, त्याला भेग पडणारच. ती कुठे पडावी एवढंच आपल्या हातात असतं. म्हणून दर चार-साडेचार मीटरवर करवतीने आडवी खाच कापतात, जाडीच्या पाव ते तृतीयांश खोल. दोनशे मिलिमीटरच्या रस्त्याला पन्नास ते पासष्ट मिलिमीटर. भेग मग त्या खाचेखाली गुपचूप पडते. पण खाच ओतल्यापासून साधारण आठ ते बारा तासांत कापली पाहिजे, उन्हाळ्यात त्याहून लवकर. फार लवकर कापली तर कडांची खडी उचकटते, फार उशीर केला तर भेग आधीच स्वतःच्या वाटेने गेलेली असते. संध्याकाळी सहाला ओतलेल्या काँक्रीटची वेळ भरते पहाटे दोन ते सहाच्या मधे. त्या वेळी करवत किंचाळते, कुणीतरी पोलिसांना फोन करतं, रात्री दहा ते सकाळी सहाचा आवाजाचा नियम सांगितला जातो आणि करवत थांबते. तक्रार करणारा चुकीचा नसतो. पण सकाळी नऊला पुन्हा सुरू झालेली करवत ज्या काँक्रीटवर चालते त्यात केसाएवढी वाकडी रेघ आधीच उमटलेली असते. वर्षभरात त्या रेघेची खाच होते. माझ्या मते ओतणं पहाटे सुरू करून सकाळी उरकावं, म्हणजे कापणी संध्याकाळी येते, दुपारचं ऊनही ओल्या काँक्रीटला कमी लागतं. ट्रकला पहाटे रस्ता मोकळा मिळतो, हा आणखी फायदा. हे आधी ठरवता येतं. सोसायट्यांनी एकत्र येऊन मागायचं ते हेच, 'काम लवकर उरका' हे नव्हे.

नंतरचे चौदा दिवस पाण्याचे. मातीचे छोटे बांध घालून वाफे करतात नि त्यात पाणी साठवतात, किंवा ओलं गोणपाट पसरतात. गोणपाट सुकलेलं दिसलं तर ते झाकण न राहता उलट काँक्रीटमधलं पाणी शोषून घेतं. चौथ्या-पाचव्या दिवशी बॅरिकेड सरकवून दुचाकी आत घेणारे असतातच. त्याने फार बिघडत नाही. पाण्याचा टँकर आणला तर मात्र दोन खाचांमधल्या काँक्रीटच्या पट्ट्यांचे कोपरे तुटतात. जड गाड्यांना अठ्ठावीस दिवस थांबवायचं, आणि ते थांबवायचं काम महापालिका करत नाही, गल्लीच करू शकते. टँकर लागणार असेल तर तोंडाशी उभा करून लांब पाइपची सोय आधी करावी.

चेंबरची झाकणं हा वेगळाच विषय. डांबरी रस्त्यात थर चढत जातो आणि झाकण विहिरीसारखं खाली राहतं. काँक्रीटमध्ये झाकणाच्या चौकटीच्या कोपऱ्यांतून तिरप्या भेगा निघतात, कारण आकसणारं काँक्रीट तिथेच अडतं. चेंबरभोवती वेगळा चौकोन सोडून, मधे फटीत मऊ फळी घालून तो नंतर भरला आणि चौकोनाची कड आडव्या खाचेला जुळवली की भेगा टळतात. पंधरा मिनिटांचं जादा काम आहे, बहुतेक ठिकाणी होत नाही. आणि पावसात पाणी साचलं की झाकण उघडायचं नाही, कितीही मोह झाला तरी. २९ ऑगस्ट २०१७ च्या पावसात मुंबईत एक नामवंत डॉक्टर पाण्यातून चालत घरी जाताना उघड्या मॅनहोलमध्ये पडून मरण पावले. त्यानंतर झाकणाखाली लोखंडी जाळ्या बसवण्याचा आग्रह वाढला. आपल्या गल्लीतल्या चेंबरना ती आहे का, हे कोरड्या दिवसांत एकदा बघून घ्यावं.

झाडांचं काय होतं ते कुणी मुद्दाम करत नाही, ते आपोआप होतं. काँक्रीट कडेपासून कडेपर्यंत ओतायचं ठरलं की खोडालाही भिडतं. खोडाभोवती चारी बाजूंनी निदान मीटरभर माती मोकळी ठेवायला हवी. त्याहून वाईट म्हणजे पावसाळी गटारासाठी एका बाजूची मुळं जेसीबीने उपटणं. झाडाला धरून ठेवणारी जाड मुळं फार खोल नसतात, आणि त्यांतली एका बाजूची गेली की झाड उभं राहतं, पानंही धरतं, आणि जून-जुलैच्या वाऱ्यात तुटलेल्या बाजूच्या उलट दिशेला पडतं. गुलमोहर आणि पर्जन्यवृक्ष यांत आघाडीवर. अंगठ्याहून जाड मूळ दिसलं की जेसीबी थांबवून तिथे हाताने खोदायचं. मूळ तोडावंच लागलं तर करवतीने सरळ कापायचं, ओरबाडायचं नाही. खोडाजवळचं मोठं मूळ असेल तर गटारच दोन फूट वळवायला सांगावं. वळतं.

खोदाई आणि काँक्रीट चालू असताना गल्लीचा रोजचा क्रम सगळा तोंडाशी जाऊन बसतो. घंटागाडी आत येत नाही, म्हणून सकाळी पावणेआठला बादल्या घेऊन कोपऱ्यावर रांग. भाजीची हातगाडी इस्त्रीवाल्याच्या टपरीजवळ थांबते. शाळेच्या रिक्षा, दूधवाला, गॅसचा टेम्पो सगळे तिथेच. चरावर टाकलेल्या फळ्या म्हाताऱ्या माणसांसाठी धोक्याच्या. एकच फळी हलते. दोन फळ्या खालून पट्टी मारून जोडलेल्या आणि एका बाजूला बांबूचा कठडा एवढं ठेकेदाराकडून पहिल्या दिवशीच करून घ्यावं. कुणाच्या घरी डायलिसिसला जाणारं किंवा दिवस भरत आलेलं माणूस असेल तर खुर्चीवरून उचलून न्यायला चार जण कोण, हे ठरलेलं बरं.

गणपतीच्या मंडपाचं एक बोलायला हवं. डांबरात पहारीने खड्डा घेऊन बांबू रोवायची सवय काँक्रीटच्या रस्त्यावरही चालू राहिली, तर सांध्याजवळ पाडलेल्या एका खड्ड्यातून पाणी खाली जाऊन सगळी पट्टी पोकळ होते. वाळू भरलेल्या पिंपांत बांबू उभे करून मंडप घालणारे मांडववाले आहेत. वाऱ्याला टिकायला पिंप भरलेलं आणि वरून आडवे बांबू चौकटीत बांधलेले हवेत, बस्स.

आता माझं थोडं वेगळं मत. ज्या गल्लीत गाड्या कमी, घरं दाट आणि जमिनीखालच्या लाइनी जुन्या, तिथे काँक्रीटपेक्षा पेव्हर ब्लॉक बरे. पेव्हर बदनाम झाले ते वाईट बसवल्यामुळे. फूटपाथला चालणारे ६० मिलिमीटरचे ब्लॉक गाड्यांच्या गल्लीत घातले; तिथे ८० हवेत. खालचा पाया वर-खाली होता तो झाकायला वाळूचा थर जाड केला, आणि वाळू पावसात निघून गेली. वाळू तीन-चार सेंटिमीटरहून जास्त नकोच. कडेला घट्ट काँक्रीटची कड दिली नाही, म्हणून ब्लॉक बाजूला सरकत गेले. हे सगळं नीट केलं तर पेव्हरचा एक गुण दुसऱ्या कशात नाही: पाइप फुटला की तेवढेच ब्लॉक उचलायचे, काम करायचं, परत तेच बसवायचे. पातळी वाढत नाही. गल्ली पुन्हा खोदली जाणार हे नक्कीच असतं. नव्या इमारतीला जास्त दाबाची केबल लागते, टॉवरला पाण्याची मोठी लाइन लागते. काँक्रीटच करायचं तर निदान दर वीस-पंचवीस मीटरवर रस्त्याखालून दीडशे मिलिमीटरचे रिकामे पाइप आडवे टाकून, तोंडं बंद करून, जागा दोन्ही बाजूंच्या भिंतींवर रंगवून ठेवावी. रंग महत्त्वाचा. पाइप टाकलेले असतात आणि पाच वर्षांनी कुठे टाकले ते कुणालाच आठवत नाही, मग काँक्रीट फुटतंच.

कागदांकडे यायचं तर कामाच्या जागी फलक लावलेला हवा: कामाचं नाव, ठेकेदार, रक्कम, मुदत आणि दोषदायित्व कालावधी, म्हणजे किती वर्षं दुरुस्ती ठेकेदाराच्या खर्चाने. फलकाचा फोटो पहिल्याच दिवशी काढावा, कारण काम संपलं की तो सगळ्यात आधी गायब होतो. बाकी माहिती अधिकारात मिळतं. अर्जाला दहा रुपये आणि उत्तराला तीस दिवस. कार्यादेश, अंदाजपत्रकातली कलमं, मोजमाप पुस्तिकेची, म्हणजे झालेल्या कामाची मापं लिहिलेल्या वहीची, पानं आणि काँक्रीटच्या घनांचे, म्हणजे ओतताना भरून ठेवलेल्या नमुन्याच्या ठोकळ्यांचे, सात आणि अठ्ठावीस दिवसांचे चाचणी अहवाल एवढं मागितलं तरी पुरतं. मोजमाप पुस्तिकेत जुना थर खरवडल्याचं बिल निघालं असेल आणि गल्ली मात्र खुणेच्या वर आली असेल, तर नळी धरून मोजलेला आकडा त्या पानासमोर ठेवता येतो. २००५ च्या या कायद्यात कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही हक्क दिलेला आहे. तो वापरणारे फार थोडे.

पहिला पावसाळा झाला की तीन मीटरची ॲल्युमिनियमची पट्टी चरांच्या जागांवर आणि सांध्यांवर आडवी ठेवून बघावी. खाली बोट जाईल तिथे मोजून, टेप दिसेल असा फोटो काढावा. भेगा, बसलेले चर, खाली गेलेली झाकणं यांची एक यादी करून ती सगळ्या सोसायट्यांच्या सह्यांनी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातच वॉर्ड ऑफिसात देऊन पोच घ्यावी. दिवाळीनंतर देऊ म्हटलं की उशीर होतो. त्याच महिन्यात पुढच्या खोदाईचे परवाने निघू लागतात, आणि एकदा दुसऱ्या कुणी तीच जागा खोदली की आधीचा ठेकेदार मोकळा होतो.